वाढलेला तास कोणाच्या खात्यावर?

तुमच्या आळीत दोनचार घरे तरी अशी असतील की ज्यांतला एखादा माणूस रोज पहाटे डबा घेऊन एमआयडीसीत, साखर कारखान्यात किंवा सूतगिरणीत कामाला जातो. असे समजा की असा एखादा गृहस्थ रात्री जेवणे आटोपल्यावर गुरुजींच्या ओट्यावर येतो आणि घडी केलेला एक कागद पुढे करतो. "गुरुजी, एवढं वाचून सांगता का? उद्या सही करून द्यायचीय." कागदावर चारच ओळी असतात. कामाच्या निकडीमुळे वाढीव वेळ काम करण्यास माझी राजीखुशीने संमती आहे, एवढाच त्यांचा अर्थ. किती वाढीव? लिहिलेले नाही. किती दिवस? तेही नाही. दर काय? त्याबद्दलही अक्षर नाही. खाली सहीसाठी एक लांब रेघ मात्र आखलेली आहे.

गुरुजींनी त्याला काय सांगावे? सही कर म्हणून सांगावे, की करू नको म्हणून? माझे म्हणणे असे की, दोन्ही सांगण्यापूर्वी गुरुजींनी त्याला एक प्रश्न विचारावा: "बाबा रे, तुझ्या कारखान्यात आज कामाचे तास किती आहेत, आणि ते कुठल्या कागदावर लिहिले आहेत?" बहुतेकदा पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते आणि दुसऱ्याचे मिळत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

एखाद्या दिवशी मोठी ऑर्डर आली, यंत्र बंद पडले, पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, म्हणून दोन तास जास्त थांबावे लागले, तर त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याच्या घरात हे सांगावे लागत नाही. आभाळ भरून आले की खळ्यावरचे काम घड्याळाकडे पाहून कोणी टाकत नाही. तो जादा वेळ आला तसा जातो, पाहुण्यासारखा. पण हाच पाहुणा महिनामहिना मुक्काम करू लागला, त्याच्यासाठी ताट रोजच वाढले जाऊ लागले, म्हणजे तो पाहुणा राहिला नाही. घरातली माणसे एकाने वाढली. मग त्याचा खर्च कोणी करावयाचा, हे ठरवले पाहिजे. कामाच्या तासांचे असेच आहे. रोजचा झालेला वाढीव तास ही नोकरीच्या अटीतली कायमची वाढ आहे, आणि अट बदलायची तर ती नोटीस देऊन, बोलणी करून, लिहून बदलावी लागते.

गावातल्या माणसाला ही गोष्ट वहिवाटीवरून चटकन कळेल. कोणाच्या बांधावरून आज पाणी न्यायला वाट दिली, उद्या दिली, मग वर्षानुवर्षे दिली, तर पुढे ती वाट आहे की नाही यावर कज्जा उभा राहतो. कारखान्यातही वहिवाट पडते. ती कामगाराच्या बाजूने पडते, तशी त्याच्या विरुद्धही पडते. वर्षानुवर्षे पाच वाजता सुटणारी कचेरी एके दिवशी साडेपाचला सुटू लागली, आणि सहा महिने कोणी ब्र काढला नाही, तर सातव्या महिन्यात बोलणाऱ्याला लोक विचारतात, "मग इतके दिवस का बसलास?"

तास वाढतात ते नेहमी मालकाच्या दुष्टपणामुळेच वाढतात, असे समजू नका. पुष्कळदा नवे यंत्र येते आणि तास वाढतात. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहा. तिथे पूर्वी घड्याळापेक्षा सूर्य मोठा होता. उजाडले की गिरणी सुरू व्हायची आणि अंधारले की थांबायची, म्हणून दिवस हिवाळ्यात आखूड आणि उन्हाळ्यात लांब असे. कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या माणसाला ही पद्धत शेतासारखीच वाटली असेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला, त्यात आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. आठवड्याची सुटी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. पण पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्या दिवसाला चौदापंधरा तास चालू लागल्या. दिव्याने अंधार गेला आणि अंधाराबरोबर घरी जाण्याची वेळही गेली! त्या साली कामगारांनी दिव्याखाली काम करण्यास नकार देऊन संप केले, दंगेही झाले. मग सरकारी चौकशी झाली आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराच्या दिवसाला प्रथमच बारा तासांची मर्यादा पडली. तोपर्यंत मोठ्या पुरुषाच्या कामाला कायद्याने तासांची मर्यादाच नव्हती.

त्यानंतर ही मर्यादा हळूहळू खाली आली. १९२२ साली आठवड्याला ६० तास ठरले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ते ५४ झाले. १९४६ साली ते ४८ झाले, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. (बाबासाहेबांनी बारा तासांचे आठ तास केले असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. शिक्षकांनी मुलांना सांगताना ५४ चे ४८ असे सांगावे. त्यात त्यांचा मोठेपणा कमी होत नाही, आणि मधल्या वर्षांतले कामगारांचे झगडेही पुसले जात नाहीत.) जादा तासाला दुप्पट मजुरी हाही त्याच दुरुस्तीचा भाग होता. एक गोष्ट ग्रामीण भागाच्या दृष्टीने विशेष आहे. साखर, सरकी काढणे असे जे हंगामी कारखाने, त्यांना १९३४ च्या कायद्यात सवलत होती. तिथे आठवड्याचे ६० तास चालत. १९४६ साली ते ५० झाले, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने हंगामी आणि बारमाही हा भेदच काढून टाकला. म्हणजे गळिताचा हंगाम आहे म्हणून माणसाचे शरीर वेगळे होत नाही, हे कायद्याला कळायला १९४८ साल उजाडावे लागले.

आता आजचा कायदा पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा त्यांनी घेतली. नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले, पण आपल्या विषयापुरते मूळ सूत्र पुष्कळसे तेच आहे. सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत दिवसाचे काम आठ तास सांगितले आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे काम घ्यायचे तर कामगाराची संमती लागते आणि मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते. दिवसाचा हिशेब धरावा की आठवड्याचा, असा प्रश्न आला तर कामगाराला जो फायद्याचा असेल तो धरावयाचा. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जुन्या कायद्याला धरून एक बदल मंजूर केला होता. कारखान्यात दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यावी, तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करावी, आणि कामगाराची संमती लेखी घ्यावी, असा तो निर्णय होता. तेव्हा गुरुजींच्या ओट्यावर जो संमतीचा कागद आला, तो हवेतून आलेला नाही.

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळे घोटाळे तो न समजल्यामुळे होतात. तासांची वाढ दोन जातीची असते. एक कायद्याच्या मर्यादेच्या आतली आणि दुसरी मर्यादेबाहेरची.

मर्यादेच्या आतली वाढ म्हणजे काय? कायदा ४८ तासांपेक्षा जास्त नको म्हणतो. ४८ भरलेच पाहिजेत असे तो म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी, विशेषतः कचेरीत, युनियनने मालकाशी करार करून आठवड्याचे तास ४२ किंवा ४० असे कमी ठरवलेले असतात. आता मालक म्हणतो, धंदा वाढला, ४२ चे ४८ करू. हे बेकायदेशीर नाही, पण ते मालकाने एकट्याने करायचेही नाही. कामाचे तास आणि मधली विश्रांती हा विषय नोकरीच्या अटींच्या त्या यादीत आहे, जिच्यातली अट बदलायची तर आधी एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे १९४७ च्या कायद्यातही होते, आणि औद्योगिक संबंध संहितेतही आहे. त्याच यादीत चालत आलेली सवलत काढून घेणे किंवा वहिवाट बदलणे हेही आहे, म्हणून पाचची सुटी साडेपाचला नेणाऱ्या कचेरीलाही ही वाट चुकत नाही.

आणि पैशाचे काय? फळ्यावर मांडून पाहा. आठवड्याला ४२ तास आणि महिना २१,००० रुपये पगार असलेला एक कारकून घ्या. आठवड्याच्या एका तासामागे त्याला महिन्याला ५०० रुपये पडतात. तास ४८ केले आणि पगार तोच ठेवला, तर वरवर त्याचे काहीच कमी झाले नाही. पगारपत्रकावर २१,००० च आहेत. परंतु त्याच्या तासाची किंमत एक अष्टमांशाने उतरली. जुन्या हिशेबाने बोलायचे तर रुपयामागे दोन आणे गेले. मालकाने कोणाच्या पगारातून रुपयामागे दोन आणे कापतो असे म्हटले असते, तर फाटकावर गर्दी झाली असती. तास वाढवून तेच केले तर गर्दी होत नाही, कारण कापलेले दिसत नाही. त्याच दराने हिशेब केला तर ४८ तासांचा पगार २४,००० झाला पाहिजे.

या सहा तासांना दुप्पट दर मिळेल का? इथे पुष्कळ कामगार फसतात. कायद्यातला दुप्पट दर हा कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या तासांचा आहे. करारातले तास आणि कायद्यातली मर्यादा यांच्या मधली जी पट्टी आहे, तिथे दर कोणता हे करारात लिहिले असेल तसे ठरते. लिहिलेच नसेल तर दुप्पट आपोआप मिळत नाही. बांध आणि ओढा यांच्यामधल्या पडीक पट्टीसारखी ही जागा आहे, सातबाऱ्यावर नाव लागले तरच तुमची. म्हणून करार करताना या पट्टीचा दर एका स्वतंत्र वाक्यात लिहून घ्यावा.

मर्यादेबाहेरची वाढ ही अगदी निराळी जात. ती कितीही महिने चालली, कितीही कागदांवर सह्या झाल्या, तरी ती 'नेहमीचे काम' होत नाही. तो ओव्हरटाइमच राहतो, आणि त्याचा दर दुप्पटच राहतो. कामगार आणि मालक यांनी दोघांनी मिळून ठरवले तरी त्याला एकपट करता येत नाही. याचे अलीकडचे मोठे उदाहरण शेजारच्या गुजरात राज्यातले आहे. करोनाच्या साथीत, १७ एप्रिल २०२० रोजी, त्या सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तास काम घेण्याची मोकळीक दिली. मजुरीबद्दल त्यात एक उदाहरणच दिलेले होते. आठ तासांची मजुरी ८० रुपये असेल तर बारा तासांची १२० रुपये. गणित बरोबर आहे की नाही? तिसरीतला मुलगाही बरोबर म्हणेल. तासाला दहा रुपये, चार तासांचे चाळीस. पण कायदा म्हणत होता की जादा चार तासांना तासाला वीस, म्हणजे ऐंशी, आणि एकूण १६०. त्या सरळ साध्या त्रैराशिकातून रोजचे चाळीस रुपये निसटले होते. गुजरात मजदूर सभा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेली. न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी अधिसूचना रद्द केल्या. साथीचे संकट मोठे असले तरी ज्या 'सार्वजनिक आणीबाणी'साठी कायद्याने अशी सूट ठेवली होती ती ही नव्हे, असे सांगितले, आणि जादा काम केलेल्या पात्र कामगारांना ओव्हरटाइमचे पैसे द्यावेत असा आदेश दिला.

मी हे सांगतो आहे ते ऐकून कोणी म्हणेल, "दुप्पट मिळत असेल तर कामगारालाच ओव्हरटाइम हवा असतो, तुम्ही मध्ये कशाला पडता?" बरोबर आहे. मुलीचे लग्न काढले आहे, विहिरीचे कर्ज आहे, अशा माणसाला चार तास जास्त मिळाले तर तो देवाचे आभार मानतो. त्याला दोष देता येणार नाही. पण दोन गोष्टी त्याच्या कानावर घालाव्यात. पहिली अशी की ओव्हरटाइमचा पैसा त्या महिन्यापुरता असतो. भविष्यनिर्वाह निधीची कापणी आणि ग्रॅच्युइटी ज्या पगारावर मोजतात, त्यात ओव्हरटाइम धरत नाहीत. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. वीस वर्षे रोज बारा तास राबलेला आणि वीस वर्षे आठच तास राबलेला, दोघांचा मूळ पगार सारखा असेल तर निवृत्तीच्या दिवशी ग्रॅच्युइटीही सारखीच. शरीर मात्र सारखे नसते.

दुसरी गोष्ट गावाच्या पोटापाण्याची आहे. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रावर आठ तासांच्या तीन पाळ्या लागतात, म्हणजे एका यंत्रामागे तीन माणसे. बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या तर दोनच माणसे पुरतात. तिसरा माणूस कोण? तो बहुधा याच गावातला असतो, नुकताच आयटीआय करून आलेला, अर्ज घेऊन फाटकावर उभा राहणारा. कधी तो त्या ओव्हरटाइम करणाऱ्या बापाचाच मुलगा असतो. मालकाच्या दृष्टीनेही हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही. आठवडाभर बारा तास म्हटले की ७२ झाले, त्यातले २४ तास दुप्पट दराचे. तरीही माणूस नव्याने भरण्यापेक्षा हे परवडते असे ज्या मालकाला वाटते, त्याने दुप्पट दर खरोखर दिला आहे की गुजरातच्या अधिसूचनेतले त्रैराशिक लावले आहे, हे पगारपत्रक हातात घेऊन पाहावे.

आता नोटिशीकडे वळू. एकवीस दिवसांची नोटीस म्हणजे एकवीस दिवसांनी सगळे मान्य झाले, असा समज फार आहे. नोटीस हे बोलणे सुरू करण्याचे निमंत्रण आहे. त्या तीन आठवड्यांत युनियनने लेखी हरकत घ्यावी, बोलणी मागावी, आणि जमले नाही तर कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे वाद न्यावा. समेटाची कारवाई चालू असताना वादातल्या कामगारांच्या अटी त्यांच्या नुकसानीच्या दिशेने बदलता येत नाहीत. गप्प बसले तर मात्र बाविसाव्या दिवशी नवा भोंगा वाजतो.

बोलणी यशस्वी झाली की करार होतो, आणि कराराचेही दोन प्रकार आहेत, हे ध्यानात ठेवावे. मालक आणि युनियन यांनी आपसात बसून केलेला करार त्या दोघांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार मात्र त्या कारखान्यातल्या सगळ्यांना बांधतो. युनियनमध्ये नसलेल्याला, आणि उद्या नव्याने लागणाऱ्या पोरालासुद्धा. तास कायमचे वाढवण्याचा करार असेल तर तो कुठल्या प्रकारचा आहे हे आधी विचारावे. नव्या संहितेप्रमाणे ५१ टक्के किंवा अधिक कामगार ज्या युनियनमागे आहेत ती एकटी वाटाघाटी करते. तेव्हा कागदावर सही कोणाची आहे, आणि ती करण्याचा त्याला अधिकार आहे काय, हेही पाहणे आले.

कराराची मुदत संपली म्हणजे करार संपला, असेही नाही. मुदत लिहिली नसेल तर तो सहा महिने चालतो, आणि मुदत संपल्यावरही कोणीतरी एकाने लेखी नोटीस देऊन साठ दिवस उलटेपर्यंत तो बांधतच राहतो. म्हणून "तात्पुरती व्यवस्था" या शब्दांवर कोणी विसंबू नये. कचेऱ्यांच्या भाषेत 'तात्पुरता' हा मोठा दीर्घायुषी शब्द आहे! तात्पुरते असेल तर कोणत्या तारखेपर्यंत, ते आकड्यात लिहावे, आणि त्या तारखेला जुने तास आपोआप परत येतील असेही लिहावे. नाहीतर जुने तास परत आणण्यासाठी कामगारालाच पुन्हा भांडत बसावे लागते.

हॉलंड देशाने या प्रश्नाची एक सोपी तोड काढली आहे. तिथे कमी तासांच्या करारावर घेऊन जास्त तास राबवण्याचा प्रकार पुष्कळ होता. १९९९ पासून तिथल्या कायद्यात असे आले की नोकरीला किमान तीन महिने झाले असतील, तर मागच्या तीन महिन्यांत सरासरीने जितके तास काम झाले तितकेच तास करारात आहेत असे धरावे. मालकाला तसे नाही म्हणायचे तर त्याने ते सिद्ध करावे. म्हणजे वहिवाट किती दिवसांनी पडते हे त्यांनी आकड्यात सांगून टाकले. आपल्याकडे असा आकडा कायद्यात नाही, पण करारात घालायला कोणाची ना आहे? "वाढीव तास सलग तीन महिने चालले तर दोन्ही पक्षांनी बसून एक तर नवीन माणूस भरावा किंवा तास व पगार यांचा नवा करार करावा" असे एक कलम टाकले, की दरवर्षीचे निम्मे वाद मिटावेत असे मला वाटते.

बोलणी करणाऱ्यांच्या नजरेतून सहसा निसटते ती गोष्ट म्हणजे रस्ता. शहरातल्या माणसाला एक तास म्हणजे एक तास. गावातल्या माणसाला तो तास शेवटच्या एस. टी.ची वेळ असतो. पाळी सहाऐवजी सात वाजता सुटली आणि गाडी साडेसहाची असेल, तर वाढलेला तास एक राहत नाही. वाट पाहण्याचे दोन आणि जीपमध्ये दाटीवाटीने बसण्याचा एक मिळून चार होतात. बायकांच्या बाबतीत तर घरचे लोक नोकरीच सोडायला लावतात. तेव्हा तास वाढवण्याच्या करारात कंपनीच्या बसची वेळ, ती कुठल्या फाट्यापर्यंत येईल ते, आणि मधल्या विश्रांतीची नवी वेळ हे लिहिलेच पाहिजे. आठ तासांच्या पाळीतली जेवणाची सुटी बारा तासांच्या पाळीला तशीच्या तशी ठेवणे हा शुद्ध अन्याय आहे.

गुरुजी स्वतः या सगळ्यात कुठे बसतात, असे कोणी विचारले तर उत्तर थोडे गमतीचे आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे. त्यामुळे एकवीस दिवसांच्या नोटिशीचा आधार त्यांना नाही. त्यांच्या तासांचा उल्लेख २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. तयारीचा वेळ धरून आठवड्याला किमान ४५ तास. किमान लिहिले आहे, कमाल लिहिलेले नाही, हे गुरुजींच्या ध्यानात आले असेलच!

आता पुन्हा ओट्यावरच्या कागदाकडे येऊ. तो गृहस्थ अजून बसून आहे. गुरुजींनी त्याला सांगावे की कागद फाडू नको, आणि जसाच्या तसा सहीसुद्धा करू नको. कारखान्यात युनियन असेल तर आधी तिथे दाखव, कारण कराराने ठरलेली अट एकेकट्याच्या सहीने बदलत नाही. युनियन नसेल तर कागदावर चार गोष्टी शाईने लिहून मग सही कर: दिवसाला किती तास, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दर दुप्पट, आणि संमती मागे घेता येईल. असा कागद मालक घेणार नाही असे तो म्हणेल. कदाचित घेणारही नाही. तरीही त्याची एक प्रत किंवा मोबाइलवर काढलेला फोटो घरी असावा, म्हणजे पुढे कामगार खात्याच्या कार्यालयात जाण्याची वेळ आली तर हात रिकामे राहणार नाहीत.

आणि मुलाच्या दप्तरातली एक जुनी वही त्याला द्यावी. चार रकाने आखावेत: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, आणि त्या दिवशी जादा किती. रोज घरी आल्यावर पाय धुऊन झाले की लिहावयाचे. लिहिता येत नसेल तर मुलाने लिहावे. महिन्याच्या शेवटी बेरीज करून ती पगारपत्रकातल्या ओव्हरटाइमच्या आकड्याशी ताडून पाहावी. तीन महिने बेरीज रोज तासभर जास्त निघाली, तर ती वही घेऊन युनियनच्या माणसाकडे जावे, आणि युनियन नसेल तर सरळ जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जावे. तिथे अर्ज साध्या मराठीत, हाताने लिहिलेला चालतो.